तटाच्या आतलं गाव

रेवदंड्याला पहिल्यांदा आलेला माणूस ‘किल्ला कुठे आहे?’ म्हणून विचारतो, तेव्हा तो किल्ल्यातच उभा असतो. अलिबागहून साळावकडे जाणारा रस्ता तट फोडून आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं तट फोडूनच बाहेर पडतो. मधल्या भागात घरं आहेत, दुकानं आहेत, देवळं आहेत, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमागून वाड्या आहेत. तिकीट काढून आत जावं, फोटो काढावेत आणि तासाभरात बाहेर यावं, असा हा किल्ला नव्हे. इथे आत जायचं तर कुणाच्या तरी अंगणातून जावं लागतं.

मला हे गाव त्यासाठीच आवडतं. दर हिवाळ्यात जमेल तसं मी इथे येते, सकाळच्या एसटीनं उतरते आणि दिवसभर चालते. गाडीतून रेवदंडा पाच मिनिटांत संपतं. पायी दिवस पुरत नाही.

गल्लीतून समुद्राकडे निघालं की वाड्यांच्या गडग्यांवरून अधूनमधून एखादी उंच, काळवंडलेली भिंत डोकावते. त्या चर्चच्या भिंती. पोर्तुगिजांच्या काळात या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांचे मठ आणि चर्चं होती. आज त्यांची छपरं गेली आहेत, कमानी अर्ध्यावर तुटल्या आहेत, आणि जिथे लोक गुडघे टेकून प्रार्थना करायचे तिथे पोफळीची आळी आहेत. एकदा अशीच एका फाटकाशी उभी होते, तर आतल्या काकूंनी हाक मारली. “ये की आत. भिंतीपाशी जाशील तर पायाखाली बघ गो, आत्ताच पाणी सोडलंय.” पाटातलं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात सरकत होतं आणि त्याच्या काठाकाठानं मी चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या कमानीखाली जाऊन उभी राहिले. काकू मात्र सुपाऱ्या वेचत होत्या. त्या कमानीचं त्यांना अप्रूप नव्हतं आणि अडचणही नव्हती. ती त्यांच्या वाडीतली एक वस्तू होती, विहिरीसारखी.

या साऱ्यांत उंच उठून दिसतो तो सातखणी मनोरा. नावाप्रमाणे सात खण आता उरलेले नाहीत, पण जे उरलेत तेही मान मागे टाकून बघावे लागतात. फ्रान्सिस्कन मठाचा हा मनोरा. खाडीत शिरणाऱ्या गलबतांना तो लांबूनच दिसत असणार. त्याच्या पायथ्याशी जुन्या तोफा पडलेल्या आहेत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर इथे आले तेव्हा वाड्यांत आभाळ दिसत होतं. एरवी या वाड्यांत भर दुपारीही सावली मोडत नाही. पोफळी मधोमध मोडून पडल्या होत्या, माड मुळांसकट आडवे झाले होते. सुपारीचं रोप लावलं की फळ धरायला पाच-सात वर्षं तरी जातात, माडाचंही तेच. म्हणजे ज्याची वाडी गेली त्याचं एक आख्खं दशक मागे पडलं. लोकांनी रोपं लावली, झापांची कुंपणं पुन्हा उभी केली. आज त्या रोपांच्या पोफळी उंच झाल्यात, पण जुन्या वाडीतली ती दाट सावली अजून परतलेली नाही. तटाच्या पडझडीबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. या वाड्यांच्या पडझडीबद्दल बोलणारे मला इथल्या माणसांखेरीज फारसे भेटले नाहीत, याचं वाईट वाटतं.

वाडी संपली की तट लागतो आणि तटाला पडलेल्या खिंडारातून एकदम पुळणीवर पाय पडतो. रेवदंड्याची वाळू पांढरीशुभ्र नाही, करड्या-काळसर रंगाची आहे, ओली असताना घट्ट बसते आणि चालायला फार छान. ओहोटीच्या वेळी तटाच्या बाहेरून, समुद्राच्या अंगानं, लांबवर चालत जाता येतं. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला पाणी. भिंतीच्या सांध्यांत वड-पिंपळाची मुळं घुसलेली आहेत. काही ठिकाणी तर मुळांनीच भिंत धरून ठेवली आहे असं दिसतं; ती काढली तर दगड खाली येतील. भरतीला पाणी चढतं तेव्हा हा रस्ता राहत नाही, म्हणून निघण्याआधी गावात कुणालाही सुकती कधी आहे ते विचारावं. कोळी माणसाला त्यासाठी घड्याळ लागत नाही, तिथी पुरते. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच मागेही हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा पाण्याची ये-जा थोडकी.

दक्षिणेकडे चालत गेलं की किनारा वळतो आणि कुंडलिकेची खाडी समोर येते. पलीकडच्या तीरावर एक लांबलचक, अरुंद डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. तो कोर्लईचा किल्ला. खाडीच्या मुखाशी या दोन तटांच्या मध्ये मी नेहमी बराच वेळ बसते, कारण या पाण्यात जे घडलंय ते माहीत असलं की नुसतं बघत बसण्यातही वेळ जातो.

मार्च १५०८. किल्ला अजून बांधलेला नव्हता. पोर्तुगिजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो कोचीनकडच्या व्यापारी जहाजांना सोबत करत चौलच्या, म्हणजे रेवदंड्याला लागूनच असलेल्या जुन्या बंदराच्या, या खाडीत नांगर टाकून होता. तिथे इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली चालून आलं, आणि पाठोपाठ दीवचा मलिक अयाज आपली गलबतं घेऊन आला. लढाई चालू असताना बाकीची पोर्तुगीज जहाजं खाडीबाहेर निसटू लागली. लोरेन्सोचं जहाज मात्र पाणी भरत असताना ओढीनं वाहत गेलं आणि मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांमध्ये अडकलं. तोफेच्या गोळ्यानं त्याची मांडी फुटली, तरी डोलकाठीच्या बुंध्याशी बसून तो हुकूम देत राहिला, दुसऱ्या गोळ्यानं तो मेला, असं पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. बापानं पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला, आणि त्या विजयानं पश्चिम किनाऱ्यावरचं समुद्री राज्य पोर्तुगिजांच्या हाती गेलं.

त्या खांबांपाशी माझं मन नेहमी अडतं. ते कुणी रोवले होते? इथल्याच कोळ्यांनी. डोलीचं जाळं ओढीच्या पाण्यात तोंड उघडून धरायचं तर खाडीत खांब रोवावेच लागतात. भरती-ओहोटीच्या ओढीत जवळा, बोंबील, मांदेली आपोआप जाळ्यात शिरते. ज्यांनी ते खांब रोवले त्यांना सुलतानाशी देणंघेणं नव्हतं आणि व्हाइसरॉयशीही. त्यांची नावं कुठल्याही बखरीत नाहीत. थेरोंड्याच्या आणि आग्रावच्या कोळीवाड्यांतून आजही होड्या निघतात, काठ्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात, आणि त्या वासातून वाट काढत चालताना मला १५०८ सालही तितकंच जवळचं वाटतं.

लढाईनंतर वर्षं सरली. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहाकडून परवानगी मिळवून पोर्तुगिजांनी इथे कोट बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीनं त्याला वेढा घातला, पण कोट पडला नाही. संभाजीराजांनी १६८३ मध्ये चढाई केली, तेव्हाही तो टिकला. शेवटी चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांचं उत्तरेकडचं राज्य कोसळलं आणि १७४० मध्ये चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आलं. हा इतिहास इतक्या वेळा सांगून झालेला आहे की मी इथे घाईनं उरकते. कुणी कुणाकडून कधी घेतलं, एवढ्यावर किल्ल्यांची ओळख संपते, ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि मला ती पटत नाही.

कारण चौलची गोष्ट किल्ल्याच्या कितीतरी आधी सुरू होते. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत चेमुलचे रहिवासी दान देताना भेटतात. ग्रीक भूगोलकारांच्या लिखाणात हेच बंदर सेमिल्ला म्हणून येतं. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल मसूदी इथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता, आणि बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद मसूदीनं केली आहे. अलिबागजवळच्या नवगावला ज्यांची जहाजं फुटली असं सांगतात, त्या बेने इस्रायल, म्हणजे इथल्या ज्यू, लोकांनी अष्टागरात, अलिबागभोवतीच्या या पट्ट्यात, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. चेऊलकर हे त्यांच्यातलं आडनाव याच गावावरून पडलेलं. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग आहे. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, तरी गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात त्यांच्या घरांचे पत्ते अजून येतात.

आणि अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी वास्को द गामाच्या पंचवीस-तीस वर्षं आधी चौलला उतरला. सोबत विकायला आणलेला एकच घोडा होता, शंभर रूबल खर्चून इथवर आणलेला. त्यानं जे लिहून ठेवलं त्यात राजेरजवाडे पुढे येतात; चौलमध्ये आधी दिसतात ती रस्त्यावरची माणसं. उघड्या अंगानं, उघड्या डोक्यानं वावरणारी, केसांची एक वेणी घातलेली, आणि या गोऱ्या माणसाच्या मागून कुतूहलानं घोळक्यानं चालणारी. पुढे तो पालीवरून जुन्नरला गेला. तिथे खानानं त्याचा घोडा जप्त केला, धर्म बदल मग परत देतो म्हणाला, आणि एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीनं घोडा सुटला. भर पावसाळ्याचे महिने त्यानं जुन्नरला काढले. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. घोडा विकून चार पैसे करावेत एवढ्याच आशेनं आलेल्या माणसाचं स्मारक गावात असावं, याचा मला मनापासून आनंद होतो. सेनापतींची स्मारकं सगळीकडेच असतात.

मग हे इतकं मोठं बंदर गेलं कुठे? खाडीत गाळ साचत गेला, मोठी जहाजं आत येईनाशी झाली, आणि पुढे मुंबई वाढली तसा व्यापार तिकडे सरकला. आज चौलमध्ये रामेश्वराच्या देवळापुढच्या तळ्याकाठी बसलं की हे एके काळी घोडे आणि रेशमाचं बंदर होतं यावर विश्वास ठेवायला जड जातं. वाड्या, विहिरी, देवळं आणि शांत रस्ते. अंगणात वेण्या घालून टांगलेला पांढरा कांदा. थंडीत शेताच्या बांधावर पोपटी लागते, तेव्हा भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा वास गावभर पसरतो.

साळावचा पूल ओलांडला की कोर्लईचा रस्ता लागतो. डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या अंगाला गाव आहे. होड्या, जाळी, मासळी, आणि दाटीवाटीनं उभी घरं. त्यातल्या ख्रिस्ती वस्तीत एखाद्या ओट्याशी थांबलं आणि आत दोन बायका बोलत असल्या, तर कान टवकारले जातात. सूर मराठी वाटतो. हेलसुद्धा इथल्याच मातीचे. पण शब्द कळत नाहीत.

ही कोर्लईची पोर्तुगीज बोली. बोलणारे हजाराच्या आसपास असतील. इथे पोर्तुगीज सैनिक होते, त्यांच्या घरांत, शेतांत, तटांवर राबणारी स्थानिक माणसं होती, त्यांतली पुष्कळशी समाजाच्या खालच्या थरातली, धर्मांतर केलेली. दोघांच्या रोजच्या व्यवहारातून ही बोली घडली. १७४० मध्ये पोर्तुगीज निघून गेले. त्यांच्याबरोबर जाण्याचं भाग्य किंवा ऐपत यांची नव्हती. ही माणसं इथेच राहिली. पोर्तुगाल आणि त्यांच्यामध्ये उरला तो फक्त चर्चमधला पाद्री. भोवतालच्या हिंदू-मुसलमानांशी धर्मामुळे रोटीबेटी नाही, वरच्या जातींच्या ख्रिस्ती लोकांशी जातीमुळे नाही, म्हणून वस्ती आपल्यातच राहिली आणि बोलीही वस्तीत राहिली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञानं तिचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यातली एक गोष्ट मराठी माणसानं जरूर लक्षात घ्यावी: शब्दांचा साठा पोर्तुगीज असला तरी वाक्य चालतं आपल्यासारखं. आधी कर्ता, मग कर्म, आणि क्रियापद शेवटी. शेजाऱ्यांच्या भाषेनं, म्हणजे आपल्या मराठीनं, पावणेतीनशे वर्षांत तिची चाल बदलून टाकली.

मुलं मराठी शाळेत शिकतात. चर्चमध्ये मराठी आहे. मुंबईत नोकरी लागली की मराठी, हिंदी, इंग्रजी लागते. म्हणून या बोलीची काळजी वाटते, आणि ती वाटायलाही हवी. इथल्या काही घरांत आया मुलांशी अजून तिच्यातच बोलतात. ते मी ऐकलंय. पोर्तुगालमधल्या कुठल्याही संग्रहालयापेक्षा कोर्लईच्या एका ओट्यावर त्या राज्याचं जास्त काही जिवंत उरलं आहे, आणि ते तलवार धरणाऱ्यांनी सोडून गेलेल्या माणसांनी जपलं आहे. किल्ल्याला जाणारे शेकडो लोक या वस्तीच्या बाजूनं जातात. थांबून कुणाशी दोन शब्द बोललेले फार थोडे.

किल्ल्यावर मी दीपगृहाच्या बाजूनं चढते. समुद्राच्या काठाकाठानं जाणारा रस्ता दीपगृहापाशी पोचतो आणि तिथून वाट थेट वर घेते. चढ फार नाही, पण उन्हाळ्यात जीव काढतो. या टेकडीवर निजामशाहीनं कोट बांधायला घेतला होता. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी तो जिंकून घेतला, कारण इथून रेवदंड्यावर तोफा डागता आल्या असत्या. माथा इतका अरुंद की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, दोन्ही एकाच वेळी दिसतात. एकामागून एक दरवाजे ओलांडत उत्तरेच्या टोकाकडे उतरत जायचं. वाटेत पाण्याचं टाकं, ढासळलेलं चर्च, पोर्तुगीज शिलालेख, ढालीची चिन्हं. वाऱ्याची बाजू आणि निवाऱ्याची बाजू यांत एवढा फरक की एका भिंतीआड गेलं की कानातला आवाजच थांबतो. तिथून पलीकडे रेवदंडा दिसतं, आणि गंमत अशी की तट दिसतच नाही; दिसतो तो नुसता माडांचा हिरवा पट्टा आणि त्यातून वर आलेला मनोरा.

रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाचं काम आता पुढे सरकतंय. कुंडलिकेवर नवा मोठा पूल त्याचाच भाग. इथल्या माणसाला अलिबागच्या दवाखान्यात लवकर पोचता यावं, मासळी वेळेत बाजारात जावी, यासाठी रस्ता हवाच. पण रस्त्याबरोबर जमिनीचे भाव येतात. वाडी राखणं परवडत नाही आणि विकणं परवडतं, अशी वेळ येते, आणि एकदा वाडीचे प्लॉट पडले की तिथे बंगला होतो, पोहण्याचा तलाव होतो, गडग्यावर काचा लागतात. मग त्या कमानीखाली कुणी “ये की आत” म्हणणार नाही. शनिवार-रविवारी पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांचाही मला राग येतो. त्या वाळूत खेकड्यांची बिळं असतात, कोळणींनी पसरलेली मासळी असते, आणि लहान पोरं खेळत असतात. चार चाकं घेऊन तिथे शिरायचं काहीही कारण नाही. पायी या. अंगणातून जाताना विचारून जा. काकूंकडून शहाळं, सुपारी, कांद्याची वेणी विकत घ्या. वाडी टिकवायला तेवढा तरी हातभार.

चालायचं असेल तर कार्तिक ते माघ हे महिने उत्तम. मार्गशीर्षात चौलच्या डोंगरावर दत्ताची यात्रा भरते, दत्तजयंतीपासून पाच दिवस. शेकडो पायऱ्यांवर दिव्यांची आणि माणसांची रांग लागते. गर्दी सोसत असेल तर तेव्हाच या, नसेल तर ते दिवस टाळा.

यंदा मला उत्तरेकडे, नागाववरून आक्षीपर्यंत चालायचं आहे. तिथला शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा म्हणून वाचला जातो, आणि मराठीतला सर्वांत जुना म्हणून त्याचं नाव घेतात. राजा केसीदेव, त्याचा प्रधान भइर्जू, अशी मोठी नावं त्यात आहेत. पण दगडावर खोदून ठेवण्याइतकं महत्त्वाचं म्हणून जे नोंदवलंय ते आहे देवीच्या बोडणासाठी, म्हणजे कुळाचारातल्या नैवेद्याच्या विधीसाठी, नऊ कुवली धान्य. अष्टागरातल्या कितीतरी घरांत लग्न-मुंजीनंतर बोडण अजूनही भरतात. माझ्या आजीनंही भरलं होतं.